घरच्या प्रोजेक्टरसाठी डीव्हीडी प्लेअर कसा निवडावा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टीव्हीवर बरी दिसणारी डीव्हीडी मोठ्या पडद्यावर धूसर का दिसते?

डीव्हीडीवरचं चित्र आडवं ७२० ठिपक्यांचं असतं. उभ्या दिशेला एनटीएससी डिस्कवर ४८० ओळी असतात, पॅल डिस्कवर ५७६ (एनटीएससी आणि पॅल हे टीव्हीच्या सिग्नलचे दोन प्रकार). ३२ इंची टीव्हीवर यातला एक ठिपका जेमतेम १ मिमी रुंद होतो. १०० इंची पडद्याची रुंदी सुमारे २२१ सेंमी असते, त्यामुळे तोच ठिपका तिथे ३ मिमीचा होतो. ३ मीटरवर बसलेल्या माणसाची नजर १ मिमीच्या आसपासचा तपशील ओळखू शकते. त्यामुळे टीव्हीवर झाकून जाणारं सगळं इथे उघडं पडतं: कॉम्प्रेशनचे चौकोन, अक्षरांभोवतीची थरथर, तिरक्या रेषांच्या पायऱ्या.

डिस्कवर नसलेला तपशील कोणताही प्लेअर निर्माण करू शकत नाही, जाहिरातीत काहीही लिहिलेलं असो. पण थोडा मऊपणा आणि बिघडलेलं चित्र यांत फरक आहे. मऊपणा डिस्कचा असतो आणि तो सोसावाच लागतो. दातेरी कडा, हलणाऱ्या वस्तूंवरच्या आडव्या रेघा, लाल रंगाचे ओरखडे हे दोष मात्र बहुतेक वेळा प्लेअरचे किंवा प्रोजेक्टरचे असतात आणि योग्य निवड केली तर टळतात.

प्लेअर घेण्याआधी प्रोजेक्टरचं काय तपासायचं?

तीन गोष्टी. पहिली, मूळ रिझोल्यूशन. खोक्यावरचं ‘१०८०पी सपोर्ट’ म्हणजे प्रोजेक्टर तो सिग्नल स्वीकारतो, एवढंच. आतलं पॅनेल ८५४ × ४८० किंवा १२८० × ७२० चं असू शकतं. माहितीपत्रकात ‘नेटिव्ह’ या शब्दापुढे जो आकडा असेल तोच खरा.

दुसरी, मागची सॉकेटं. तिसरी गोष्ट म्हणजे मॅन्युअलच्या शेवटी असलेला स्वीकारार्ह सिग्नलांचा तक्ता. तो कुणी वाचत नाही, पण ४८०आय, ५७६आय, ४८०पी, ५७६पी आणि १०८०पी २४ हर्ट्झ यांपैकी काय काय एचडीएमआयवर चालतं ते तिथेच कळतं. (आकडा म्हणजे उभ्या दिशेच्या ओळी; ‘आय’ म्हणजे अर्ध्या-अर्ध्या चित्रांचा इंटरलेस सिग्नल, ‘पी’ म्हणजे पूर्ण चित्रांचा प्रोग्रेसिव्ह.) पुढच्या अर्ध्या प्रश्नांची उत्तरं त्या तक्त्यावर अवलंबून आहेत.

कोणती वायर सगळ्यात चांगली?

दोन्हीकडे सॉकेट असेल तर एचडीएमआय. चित्र डिजिटलच राहतं आणि मध्ये ॲनालॉगमध्ये रूपांतर होत नाही. जुन्या प्रोजेक्टरवर डीव्हीआय असेल तर एचडीएमआय–डीव्हीआय वायर चालते; फक्त त्या डीव्हीआयला एचडीसीपी ही कॉपी-संरक्षण पद्धत कळली पाहिजे आणि आवाजाची वेगळी सोय करावी लागते.

त्याखालोखाल कॉम्पोनंट: हिरवी, निळी, लाल अशा तीन वायरी. यातून ४८०पी किंवा ५७६पी चित्र जातं आणि ते चांगलं असतं. मग एस-व्हिडिओ. सगळ्यात शेवटी पिवळी कॉम्पोझिट वायर. तिच्यात रंग आणि उजेड एकाच तारेतून जातात आणि पलीकडे नीट वेगळे होत नाहीत, म्हणून बारीक रेघांच्या कपड्यांवर इंद्रधनुषी झाक आणि रंगांच्या कडांवर सरकणारे ठिपके दिसतात. मोठ्या पडद्यावर ही वायर वापरू नका. पण फेकूनही देऊ नका; का ते खाली येईल.

प्रोजेक्टरला एचडीएमआय नाही, फक्त व्हीजीए आहे. आता?

पुष्कळ प्रोजेक्टरांचं व्हीजीए सॉकेट कॉम्पोनंट सिग्नलही घेतं. त्यासाठी एका टोकाला व्हीजीए आणि दुसऱ्या टोकाला तीन आरसीए प्लग (कॉम्पोनंट वायरींना असतात तसे गोल प्लग) अशी साधी वायर मिळते. मेनूमध्ये त्या इनपुटचा प्रकार ‘आरजीबी’ऐवजी ‘कॉम्पोनंट’ करा. चित्र हिरवं-जांभळं आलं तर हा बदल राहिला आहे किंवा प्रोजेक्टर व्हीजीएवर कॉम्पोनंट घेतच नाही. तशी सोय नसेल तर सिग्नल खरोखर बदलणारा कन्व्हर्टर लागतो. नुसत्या वायरीने ते काम होत नाही.

अशा प्रोजेक्टरसाठी कॉम्पोनंट आउटपुट आणि प्रोग्रेसिव्ह स्कॅन असलेला जुना डीव्हीडी प्लेअरच शोधा. कॉम्पोनंटवरून ७२०पी किंवा १०८०आय मिळेल या आशेवर राहू नका. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक चित्रपटांच्या डिस्कवर कूटलेखन असतं आणि अशा डिस्कचं मोठं केलेलं चित्र ॲनालॉग वायरीवरून द्यायला परवानगी नाही, म्हणून प्लेअर ४८०पी किंवा ५७६पीवरच थांबतो. तो प्लेअरचा बिघाड नव्हे.

नवा ब्ल्यू-रे प्लेअरही इथे उपयोगाचा नाही. त्याच्या परवान्याच्या नियमांमुळे २०१३ नंतर बनलेल्या ब्ल्यू-रे प्लेअरना ॲनालॉग व्हिडिओ आउटपुट नसतं.

प्रोग्रेसिव्ह स्कॅन म्हणजे काय? त्याचा एवढा गाजावाजा कशाला?

प्लेअर निवडताना सगळ्यात जास्त फरक इथेच पडतो, म्हणून जरा सविस्तर.

डीव्हीडीचं मूळ आउटपुट इंटरलेस असतं. एका क्षणी फक्त विषम ओळी, पुढच्या क्षणी सम ओळी. अशा अर्ध्या चित्राला फील्ड म्हणतात. एनटीएससीत सेकंदाला जवळपास ६० फील्ड असतात, पॅलमध्ये ५०. प्रोजेक्टरला मात्र प्रत्येक वेळी पूर्ण चित्र लागतं; तसं पूर्ण चित्र देणं म्हणजे प्रोग्रेसिव्ह स्कॅन. दोन फील्ड जोडून पूर्ण चित्र करण्याच्या कामाला डीइंटरलेसिंग म्हणतात आणि ते प्लेअर किंवा प्रोजेक्टर, दोघांपैकी एकाला करावंच लागतं.

चित्रपट सेकंदाला २४ फ्रेमचा असतो. एनटीएससी डिस्कवर त्या ६० फील्डमध्ये बसवण्यासाठी एक फ्रेम ३ फील्ड, पुढची २ फील्ड असा ठेका धरतात. चांगला प्लेअर हा ठेका ओळखतो आणि एकाच फ्रेमचे फील्ड जोडतो. मूळ फ्रेम जशीच्या तशी परत मिळते. साधा प्लेअर डिस्कवर नोंदलेल्या खुणांवर विसंबून चालतो. डिस्क बनवताना त्या खुणा चुकल्या असतील, आणि असं बरेचदा होतं, तर दोन वेगळ्या फ्रेमचे फील्ड एकत्र येतात आणि हलणाऱ्या वस्तूच्या कडेला कंगव्याचे दात उमटतात. म्हणून खुणांऐवजी प्रत्यक्ष चित्र पाहून ठेका ओळखणारा प्लेअर चांगला.

पॅल डिस्कवर प्रत्येक फ्रेमचे दोनच फील्ड असतात. एकही फील्ड पुन्हा येत नाही, त्यामुळे ठेका ओळखणं अवघड जातं. एनटीएससी डिस्क सुंदर दाखवणारा प्लेअर पॅलवर चाचरतो तो यामुळेच. ज्या प्रकारच्या डिस्क तुमच्याकडे जास्त आहेत, त्याच लावून परीक्षा घ्या.

क्रिकेट सामने, नाटकांची चित्रीकरणं, मैफिली, घरगुती कॅमेऱ्याच्या डिस्क यांची गोष्ट वेगळी. त्यात प्रत्येक फील्ड वेगळ्या क्षणाचा असतो. तिथे प्लेअरने स्थिर भागात दोन्ही फील्ड जोडायचे आणि हलत्या भागात एकाच फील्डवरून मधल्या ओळी भरायच्या असतात. हे जमलं नाही तर मैदानाच्या पांढऱ्या रेघा आणि वाद्यांच्या तारा पायऱ्यापायऱ्यांच्या दिसतात. मेनूमध्ये ‘ऑटो, फिल्म, व्हिडिओ’ असे पर्याय असतील तर ‘ऑटो’ ठेवा आणि दोष दिसला तरच हाताने बदला.

‘१०८०पी अपस्केलिंग’ लिहिलेला प्लेअर घ्यावा का?

त्या शब्दांसाठी जास्त पैसे मोजू नका. चित्र मोठं करण्याचं काम कुणीतरी करणारच आहे. प्लेअरने केलं नाही तर प्रोजेक्टर करेल. खरा प्रश्न आहे दोघांपैकी कोण ते नीट करतं हा. शिवाय हे काम एकदाच झालेलं बरं. ७२०पीच्या प्रोजेक्टरला प्लेअरवरून १०८०पी पाठवलं, तर प्लेअर ताणतो आणि प्रोजेक्टर परत आवळतो. चित्र दोनदा मळतं, वर फायदा शून्य.

चाचणी अशी करा:

१. प्रोजेक्टरचा शार्पनेस मध्यावर आणा, ‘एज एन्हान्समेंट’ आणि नॉइज रिडक्शन बंद करा, कीस्टोन (तिरक्या चित्राचा आकार सरळ करणारं सेटिंग) शून्यावर आणा.

२. एकच प्रसंग निवडा, ज्यात कॅमेरा कौलं, जिना, कठडा किंवा विटांच्या भिंतीवरून सावकाश सरकतो. शेवटची वर सरकणारी नामावलीही घ्या.

३. प्लेअरचं आउटपुट आधी ४८०आय किंवा ५७६आय, मग ४८०पी किंवा ५७६पी आणि शेवटी प्रोजेक्टरच्या मूळ रिझोल्यूशनला जुळणारं ठेवून तोच प्रसंग तिन्ही वेळा पाहा.

४. रोजच्या जागेवर बसून पाहा, पडद्याला नाक लावून नको.

‘आय’वर चित्र उत्तम आलं तर प्रोजेक्टरचं सर्किट भारी आहे, मग साधा प्लेअरही पुरेल. ‘पी’वर सुधारणा दिसली तर प्लेअरचं डीइंटरलेसिंग चांगलं. मूळ रिझोल्यूशनवर आणखी सुधारलं तर त्याचं स्केलिंगही चांगलं. काही प्लेअर एचडीएमआयवर इंटरलेस सिग्नल देतच नाहीत आणि काही प्रोजेक्टर तो घेत नाहीत. तेव्हा पहिली पायरी सोडून द्या.

मूळ रिझोल्यूशन १२८० × ८०० असेल तर ७२०पी पाठवा आणि आस्पेक्ट १६:९ ठेवा. वर-खाली ४०-४० ओळी काळ्या राहतील, त्या राहू द्याव्यात.

रिझोल्यूशन बदललं आणि पडदा काळा झाला. कसं परत आणायचं?

प्रोजेक्टर तो सिग्नल घेत नाही. रिमोटवर रिझोल्यूशन किंवा एचडीएमआय असं बटण असेल तर डिस्क थांबवून ते एकेकदा दाबा आणि दरवेळी पाच-सहा सेकंद थांबा. बऱ्याच प्लेअरवर हे बटण डिस्क चालू असताना काम करत नाही. बटणच नसेल तर मघाची पिवळी वायर लावा. तिच्यावर मेनू जवळपास नेहमी दिसतो. तिथून ४८०पी किंवा ५७६पी निवडून परत एचडीएमआयवर या.

काहीच न बदलता पडदा काळा किंवा गुलाबी होत असेल तर एचडीसीपीची ओळखपरेड फसलेली असते. आधी प्रोजेक्टर सुरू करून त्याचं इनपुट निवडा, मग प्लेअर सुरू करा. मध्ये स्विच किंवा स्प्लिटर असेल तर तो काढून थेट जोडून पाहा.

डीव्हीडीच बघायच्या असतील तरी ब्ल्यू-रे प्लेअर घ्यावा का?

प्रोजेक्टरला एचडीएमआय असेल तर बहुतेकांना आम्ही हाच सल्ला देऊ. आज मिळणारे स्वस्त डीव्हीडी प्लेअर जेमतेम चिपवर चालतात आणि त्यांचं डीइंटरलेसिंग यथातथाच असतं. साध्या ब्ल्यू-रे प्लेअरचं व्हिडिओ सर्किट सहसा त्यांच्यापेक्षा बरं असतं. काही ब्ल्यू-रे प्लेअर एनटीएससी डीव्हीडीतला चित्रपट २४ हर्ट्झवर देतात. मग ३-२ चा ठेका सुटतो आणि कॅमेरा सरकताना येणारा हिसका नाहीसा होतो. प्रोजेक्टरने २४ हर्ट्झ घेतलं पाहिजे, ही अट आहेच.

उणी बाजू: सुरू व्हायला वेळ जास्त लागतो, आणि घरी रेकॉर्ड केलेल्या किंवा खूप ओरखडे पडलेल्या डिस्कवर काही ब्ल्यू-रे प्लेअर अडून बसतात. संग्रहात अशा डिस्क खूप असतील तर घेण्याआधी त्यातल्या दोन-तीन लावून पाहा.

माणसं उंच-बारीक किंवा बुटकी-जाड दिसतात. चूक कुठे?

प्लेअरच्या मेनूत ‘टीव्ही टाइप’ किंवा ‘टीव्ही शेप’ शोधा. बरेच प्लेअर कारखान्यातून ४:३ लेटरबॉक्सवर येतात. ते १६:९ करा. हा नुसता आकाराचा प्रश्न नाही. रुंद चित्रपटांच्या डिस्कवर चित्र आडवं दाबून पूर्ण उंचीत साठवलेलं असतं. लेटरबॉक्सवर प्लेअर ४८० ओळींचं चित्र ३६० ओळींत कोंबतो आणि पाव तपशील हकनाक जातो. पॅलमध्ये ५७६ च्या ४३२ होतात. प्रोजेक्टर ४:३ असला तरी त्याच्यात १६:९ मोड असेल तर प्लेअर १६:९ वरच ठेवा.

काही जुन्या डिस्कवर चित्र काळ्या पट्ट्यांसकट ४:३ मध्ये साठवलेलं असतं. ती चारही बाजूंनी काळ्या चौकटीत दिसते. तिथे प्रोजेक्टरचा ‘झूम’ आस्पेक्ट वापरा. २.३५:१ च्या चित्रपटांत वर-खाली पट्ट्या येणारच. त्यांना घालवायला जाऊ नका.

कडेचा मजकूर कापला जात असेल तर ओव्हरस्कॅन (चित्राच्या कडा कापणारं सेटिंग) शून्य करा.

काळा रंग राखाडी दिसतो, किंवा अंधाराचे प्रसंग नुसता काळा गोळा होतात.

दोन्ही उपकरणांची मापं जुळत नाहीत. व्हिडिओत काळा १६ वर आणि पांढरा २३५ वर धरतात. संगणकाच्या पद्धतीत ० आणि २५५ वर. प्लेअर १६–२३५ देतो आणि प्रोजेक्टर ०–२५५ समजून बसला तर काळा राखाडी होतो. उलट झालं तर सावल्या बुडतात. एचडीएमआय रेंज, व्हिडिओ लेव्हल अशा नावाचं सेटिंग दोन्हीकडे ‘लिमिटेड’ किंवा ‘नॉर्मल’ करा. ब्राइटनेस-कॉन्ट्रास्टला त्यानंतरच हात लावा.

लाल वस्तूंच्या तिरक्या कडांवर आडवे ओरखडे दिसले तर तो जुन्या प्लेअरांचा ठाऊक असलेला दोष आहे: रंगाची माहिती वाढवताना एमपेग डीकोडर (डिस्कवरचं दाबलेलं चित्र उलगडणारं सर्किट) चुकतो. सेटिंगने तो जात नाही. जुना प्लेअर घेताना काळ्यावर लाल अक्षरं असलेला प्रसंग मुद्दाम पाहा.

प्रोजेक्टर छताला, प्लेअर समोर. लांब वायर चालेल?

साधी तांब्याची एचडीएमआय वायर १०८०पीला साधारण १० मीटरपर्यंत निभावते. तिच्यापलीकडे पडद्यावर पांढरे चमचमणारे ठिपके येतात किंवा चित्र मध्येच जातं. तेव्हा प्लेअर ४८०पी किंवा ५७६पीवर आणून पाहा: या सिग्नलचा वेग २७ मेगाहर्ट्झ, तर १०८०पी ६० हर्ट्झचा १४८.५. ज्या वायरीवर १०८०पी अडखळतं तिच्यावर ४८०पी बिनबोभाट जातं, आणि प्रोजेक्टरचं स्केलिंग बरं असेल तर काही बिघडत नाही.

नवीन वायर भिंतीतून नेणार असाल तर लांब पल्ल्याला ऑप्टिकल एचडीएमआय घ्या. तिला दिशा असते. ‘सोर्स’ लिहिलेलं टोक प्लेअरकडे. भिंत बुजवण्याआधी चित्र लावून पाहाच.

आवाज कुठून काढायचा?

प्रोजेक्टरच्या स्पीकरवर विसंबू नका. प्लेअरच्या ऑप्टिकल किंवा कोॲक्सियल डिजिटल आउटपुटवरून थेट ॲम्प्लिफायरला वायर न्या, चित्र वेगळं प्रोजेक्टरला. म्हणून खरेदी करताना मागे यांपैकी एक सॉकेट आहे का ते बघा. डॉल्बी डिजिटल आणि डीटीएस दोन्ही त्यावरून जातात. फक्त एचडीएमआय असेल तर रिसीव्हर (एचडीएमआय घेणारा ॲम्प्लिफायर) मध्ये घ्यावा लागतो किंवा आवाज वेगळा काढणारा एक्स्ट्रॅक्टर.

एचडीएमआय थेट प्रोजेक्टरला लावल्यावर चित्र येतं पण आवाज नाही, ही तक्रार फार येते. प्लेअर ‘बिटस्ट्रीम’वर (न उलगडलेला डॉल्बी किंवा डीटीएस आवाज) असतो आणि प्रोजेक्टरला फक्त पीसीएम (उलगडलेला डिजिटल आवाज) कळतं. ऑडिओ आउटपुट पीसीएम करा.

ओठ आणि शब्द जुळत नसतील तर आधी बघा कोण मागे आहे. प्रोजेक्टर चित्रावर प्रक्रिया करायला वेळ घेतो, त्यामुळे वायरीने जोडलेला आवाज पुढे पळतो. रिसीव्हरमधलं ‘ऑडिओ डिले’ २०–२० मिलिसेकंदांनी वाढवत जा. ब्लूटूथ स्पीकरवर उलट होतं, आवाजच मागे पडतो. त्याला डिले वाढवून उपाय नाही. वायर लावा.

रिजन कोड आणि पॅल-एनटीएससी यांचं काय?

या दोन वेगळ्या अडचणी आहेत. रिजन कोड हे कुलूप आहे: डिस्क आणि प्लेअरचा क्रमांक जुळला नाही तर डिस्क चालतच नाही. क्रमांक दोघांवरही छापलेला असतो. ब्ल्यू-रे प्लेअरला डीव्हीडीचा आणि ब्ल्यू-रेचा असे दोन स्वतंत्र रिजन असतात, त्यामुळे एक सुटलं म्हणजे दुसरंही सुटलं असं धरू नका.

पॅल-एनटीएससी हा सिग्नलचा प्रकार आहे. प्लेअरवर ‘मल्टी’ किंवा ‘ऑटो’ ठेवा, म्हणजे डिस्क जशी आहे तशीच जाईल. ‘एनटीएससी’वर अडकवून ठेवलं तर प्लेअर पॅल डिस्कचे ५० हर्ट्झ ६० मध्ये बदलतो आणि प्रत्येक हालचालीला धक्का बसतो. पॅल डिस्कवर चित्रपट सुमारे ४ टक्के जास्त वेगाने चालतो, दोन तासांचा चित्रपट पाचेक मिनिटं आधी संपतो. त्यात प्लेअरचा दोष नाही.

वापरलेला प्लेअर घेताना काय पाहायचं?

सोबत मूळ रिमोट आहे ना. पुष्कळ प्लेअरांची व्हिडिओ सेटिंगं रिमोटशिवाय उघडत नाहीत. ट्रे तीन-चारदा उघड-बंद करा. दोन थरांची, म्हणजे ८.५ जीबीची डिस्क लावून मध्यापुढचा भाग पाहा; थर बदलताना क्षणभर थबकणं ठीक, पण तिथेच अडकला तर लेन्स मळलेली आहे किंवा लेझर थकला आहे. स्वतःची, नीट चालणारी डिस्क घेऊन जा. ओली पुसायची वेळ आली तर मऊ कापडाने मधून कडेकडे, गोल गोल नाही.

अंधाऱ्या खोलीसाठी आणखी दोन गोष्टी: समोरचा डिस्प्ले मंद किंवा बंद करता येतो का, आणि डिस्क फिरताना घरघर किती येते.

आतच डीव्हीडी प्लेअर असलेला प्रोजेक्टर कसा?

प्रवासाला आणि मुलांच्या वाढदिवसाला ठीक. एक भाग बिघडला की दोन्ही दुरुस्तीला जातात, ड्राइव्ह पंख्याच्या उष्णतेत राहतो आणि डिस्क बदलायला दरवेळी प्रोजेक्टरशी जावं लागतं. तो छताला टांगला असेल तर शिडी जवळ ठेवा.